शब्दांच्या आधीच्या पायऱ्या

काशीच्या गंगाकाठाने शिंदे घाट मागे टाकून पंचगंगेच्या दिशेने चालू लागले, म्हणजे वाटेत नागपूरकर भोसल्यांनी बांधविलेला घाट लागतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली ही दगडी वास्तू दुरून एखाद्या गढीसारखी दिसते. वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि समोर पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या. पावसाळ्यात गंगा चढू लागली की या पायऱ्या एकामागून एक दिसेनाशा होतात. नव्याने आलेल्या यात्रेकरूला वाटावे, घाट येथूनच सुरू होतो. पण काठावर लहानाचा मोठा झालेला माणूस जाणतो की, वरच्या पायरीचा भार पाण्याखालच्या, न दिसणाऱ्या पायऱ्यांनीच तोललेला आहे.

मनुष्याच्या वाणीचेही असेच आहे. मुलाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ही साऱ्या घराला दिसणारी पायरी होय. त्या शब्दाचे कौतुक होते, तो नातेवाइकांना कळविला जातो. परंतु त्याच्याखाली कितीतरी पायऱ्या असतात. आईच्या नजरेला नजर देणे, हाक मारली की मान वळविणे, हवी ती वस्तू बोटाने दाखविणे, आपण हसलो की समोरचाही हसतो हे ओळखणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, या साऱ्या शब्दांच्या आधीच्या पायऱ्या. स्वमग्न मुलांमध्ये, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे अशा मुलांमध्ये, नेमक्या या पायऱ्या निराळ्या रीतीने आणि निराळ्या गतीने घडतात. म्हणून अशा मुलांसाठी वाचोपचार लवकर सुरू करणे याचा अर्थ लहान वयातच त्यांच्याकडून शब्द घोकून घेणे असा नाही. पहिल्या शब्दाची वाट पाहत न बसता, पाण्याखालच्या पायऱ्यांपासून कामाला लागणे हा त्याचा खरा अर्थ होय.

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. अशाच एखाद्या घराची कल्पना करावी. घरात आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन वर्षांचा मुलगा. मुलगा धडधाकट आहे, जिने भराभर चढतो, दिसायला गोड आहे. पण हाक मारली तर वळत नाही. मंदिरातील घंटा वाजली की मात्र धावत सुटतो. पाणी हवे असेल तर बोट दाखवीत नाही. आईचा हात मनगटाशी धरून तिला माठापाशी नेतो, जणू तो हात एखादे अवजार असावा. खेळण्यातली गाडी चालविण्याऐवजी ती उलटी धरून चाके फिरवीत बसतो. वर्षाचा असताना ‘आई’, ‘माऊ’ असे दोन-तीन शब्द बोलत होता, तेही आता ऐकू येत नाहीत.

आईला चिंता वाटते. आजी धीर देते. “अगं, मुलगे उशिराच बोलतात. याचे वडील तरी कुठे लवकर बोलले?” असे त्या म्हणतात. शेजारच्या वृद्ध बाई वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगतात. कोणी जिभेखालचा पडदा कापून आणण्याचा सल्ला देतो. कोणी नवस सुचवितो. कोणी म्हणतो, शाळेत जाऊ लागला की चार मुलांत आपोआप बोलेल. यातील प्रत्येक वाक्य मायेपोटी उच्चारलेले असते. परंतु या साऱ्यांत मिळून एक वर्ष जाते, मग दुसरे जाते, आणि मूल चार वर्षांचे होते. काही मुले उशिरा बोलू लागतात हे खरेच आहे. मात्र केवळ उशिरा बोलणारे मूल शब्दांवाचूनही सारे काही सांगत असते. ते बोट दाखविते, रुसते, खुणा करते, आपण पाहिलेले दुसऱ्याने पाहावे म्हणून त्याचा पदर ओढते. जेथे शब्दही नाहीत आणि या खुणाही नाहीत, तेथे वाट पाहणे हा धीर नव्हे. तो कालापव्यय होय.

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन म्हणून ज्या लेखाचा उल्लेख होतो, तो बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली प्रसिद्ध केला. त्यात आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा बालकांची हकीकत होती. त्यांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन मुकीच राहिली होती. पण बोलणारी आणि न बोलणारी यांत दुसऱ्याशी संवाद साधण्याच्या दृष्टीने फारसा भेद नव्हता, हे कॅनर यांनी आवर्जून नोंदविले. काही मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत. ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरीत. म्हणजे अडचण जिभेत नव्हती, घशात नव्हती; एका मनातून दुसऱ्या मनाकडे जाणाऱ्या वाटेत होती.

पुढे या विषयाला एक दुर्दैवी वळण लागले. आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते, असा समज पाश्चात्त्य देशांत काही काळ बळावला आणि असंख्य मातांच्या वाट्याला विनाकारण अपराधीपणा आला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने 1964 साली या समजावर सप्रमाण प्रहार केला. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता. आज शास्त्राचे मत निःसंदिग्ध आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. तिच्यात आनुवंशिक कारणांचा वाटा मोठा आहे. आईची नोकरी, वडिलांचा कडक स्वभाव, लहानपणच्या लसी, यांतील कशामुळेही ती येत नाही. तो काही बरा करावयाचा रोग नव्हे, आणि औषधाने वाचा फुटत नाही. मूल मोठे होऊनही स्वमग्नच राहते. पण त्याला आपले मन दुसऱ्यापर्यंत पोहोचविता येते की नाही, यावर त्याचे आयुष्य सुखाचे होणे बरेचसे अवलंबून असते. वाचोपचाराचे क्षेत्र नेमके हेच आहे.

मग शंका केव्हा घ्यावी? याबाबत जगभरच्या बालरोगतज्ज्ञांनी काही साध्या खुणा सांगितल्या आहेत. बारा महिन्यांपर्यंत मूल ‘बाबाबा, दादादा’ असे बडबडू लागले नाही किंवा बोट दाखविणे, टाटा करणे अशा खुणा करू लागले नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडले नाहीत. किंवा कोणत्याही वयात आलेली वाचा वा सामाजिक ओढ नाहीशी झाली. तर तपासणी लांबणीवर टाकू नये. मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. स्वमग्नतेचे निदान मुलग्यांत अधिक होते, त्यामुळे शांत, एकटी खेळणारी मुलगी ‘गुणी’ म्हणून नजरेतून सुटून जाते.

तपासणीतील पहिली पायरी कानांची. हाकेला न वळणारे मूल बहिरे असू शकते, आणि घंटेला धावते म्हणून त्याचे ऐकणे पूर्ण चांगले आहे असे ठरत नाही. कमी ऐकू येणारे मूलही मोठा नाद ऐकते. शब्दांतील बारीक ध्वनी मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून बेरासारखी श्रवणचाचणी आधी करून घ्यावी. बेरा चाचणीत झोपलेल्या बालकाच्या डोक्यावर लहान विद्युत्‌पट्ट्या लावून ध्वनीला श्रवणमार्गाने दिलेला प्रतिसाद टिपतात. मुलाने काही सांगण्याची गरज नसते. कान ठीक आहेत असे कळल्यावर विकासतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि वाचोपचारतज्ज्ञ मुलाला खेळताना पाहून, आई-वडिलांना प्रश्न विचारून आपला अभिप्राय बनवितात. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निदानाचा कागद हाती येण्यास काही महिने लागू शकतात. वाचोपचार मात्र त्या कागदासाठी अडून राहत नाही. मूल संवादात मागे आहे, एवढी गोष्ट काम सुरू करण्यास पुरेशी आहे. पुढे निदान निराळे ठरले, तरी त्या महिन्यांत मुलाशी अधिक समजून बोलले गेले, यात कोणाचेही नुकसान नाही.

लवकर म्हणजे इतके लवकर कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील जोडण्या अतिशय वेगाने बनतात आणि अनुभवाने पक्क्या होतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मूल भाषा शिकते ते पाठ घेऊन नव्हे. आई आकाशाकडे पाहते, मूल तिच्या नजरेमागे आपली नजर नेते, आणि त्याच क्षणी आई म्हणते, “चांदोबा.” शब्द आणि वस्तू यांची गाठ अशी पडते. दोघांनी मिळून एकाच वस्तूकडे पाहणे, याला शास्त्रात सामायिक लक्ष म्हणतात. सर्वसाधारण मुलाला अशा गाठी दिवसातून शेकडो वेळा पडतात. स्वमग्न मूल आकाशाकडे न पाहता जिन्याच्या कठड्यावरील सावलीकडे पाहत असते. शब्द ‘चांदोबा’ येतो आणि दृष्टीसमोर सावली असते. गाठ पडत नाही. असे रोज घडत गेले म्हणजे वर्षभरात त्याच्या वाट्याला आलेली भाषा त्याच घरातील दुसऱ्या मुलाहून कितीतरी थोडी भरते. जितके लवकर कोणी त्या सावलीकडे पाहून “सावली” असे म्हणू लागेल, तितकी ही तूट कमी होईल.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या 58 स्वमग्न मुलांवर केलेला प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना सामायिक लक्षाचे, काहींना ‘जणू काही’च्या कल्पक खेळाचे शिक्षण रोज अर्धा तास, पाच-सहा आठवडे देण्यात आले. शब्द शिकविणे हा त्या अर्ध्या तासाचा हेतू नव्हता. तरीही वर्षभराने पाहता, या दोन्ही गटांतील मुलांची भाषा नेहमीचेच उपचार मिळालेल्या मुलांच्या भाषेपेक्षा अधिक वाढलेली आढळली. खालच्या पायऱ्या बांधल्या, आणि वरची पायरी वर आली.

वाचोपचारतज्ज्ञाच्या खोलीत शिरलेल्या पालकांची कित्येकदा निराशा होते. त्यांना वाटलेले असते की, येथे जिभेचे व्यायाम होतील, ‘क’ म्हण, ‘ख’ म्हण असे चालेल. प्रत्यक्षात तज्ज्ञ सतरंजीवर बसून मुलाबरोबर चाके फिरवीत असतो. “पैसे खेळण्यासाठी द्यायचे का?” असे एखाद्या वडिलांच्या मनात येते. पण त्या खेळाला नियम असतात. पहिला नियम असा की, मुलाला आपल्याकडे ओढून आणण्याआधी आपण मुलाकडे जावे. ते जेथे पाहत आहे तेथे पाहावे. दुसरा नियम, प्रश्नांचा भडिमार करू नये. “हे काय? तो कोण? सांग बरं!” अशा परीक्षेत मूल गप्प होते. त्यापेक्षा जे दिसते त्याचे थोडक्या शब्दांत नाव घ्यावे. तिसरा नियम, मुलाच्या शब्दसंख्येपेक्षा एकच पाऊल पुढे राहावे. मूल काहीच बोलत नसेल तर एका शब्दाने बोलावे. ते ‘होडी’ म्हणाले तर “मोठी होडी” म्हणावे. आणि चौथा, सर्वांत कठीण नियम म्हणजे थांबावे. मोठ्यांना शांतता सोसवत नाही. मुलाने मागण्याआधीच पेला पुढे येतो, आणि मागण्याचे कारणच उरत नाही.

घाटावर राहणाऱ्या कुटुंबाला या थांबण्यासाठी साधनांची वाण नाही. पायऱ्या उतरताना आई मुलाचा हात धरून प्रत्येक पायरीला “एक... दोन...” म्हणते, आणि तिसऱ्या पायरीवर पाऊल उचलून थांबते. आरंभी काहीच घडत नाही. कित्येक दिवसांनी मूल मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहते. ती नजर म्हणजे ‘पुढे म्हण’ अशी विनंती होय, आणि तिला तत्काळ “तीन!” असे उत्तर मिळाले पाहिजे. मंदिराच्या घंटेखाली आजोबा मुलाला उचलून घेतात, पण लगेच दोरीपर्यंत नेत नाहीत, क्षणभर थांबतात. मुलाने हात वर केला, अंग पुढे टाकले, ‘अं’ असा आवाज केला, काहीही केले तरी ते बोलणेच मानून ते म्हणतात, “घंटा!”, आणि घंटा वाजते. आपण काही केले की जगात काहीतरी घडते, ही जाणीव भाषेची जननी होय. घरात चिऊचा घास, काऊचा घास भरविताना, पदराआड लपून ‘कूऽक’ करताना, अंघोळीचे पाणी अंगावर ओतताना असे दहा प्रसंग रोज येतात. मराठी घरातील बाळबोलीचे हे जुने खेळ पुनरावृत्तीचे, आळीपाळीचे आणि आनंदाचे आहेत. वाचोपचाराला हवे असलेले सारे गुण त्यांत आहेत. फक्त ते अधिक संथपणे, अधिक वेळा आणि थांबून खेळावयाचे असतात.

काही मुले बोलतात, पण पडसादासारखी. आईने विचारले, “तुला भूक लागली?” तर मूल म्हणते, “तुला भूक लागली?” पूर्वी हा दोष समजून मुलाला गप्प करीत. आता तज्ज्ञ सांगतात की, हा पडसाद निरर्थक नसतो. भूक लागली की हे वाक्य कानी पडते, एवढे त्याने टिपले आहे. म्हणून भूक लागल्यावर तो तेच वाक्य परत करतो. अशा वेळी त्याला न रागावता, त्याच्या वतीने योग्य वाक्य म्हणावे: “मला भूक लागली.” आणि लगेच खावयास द्यावे. ‘तू’ आणि ‘मी’ यांची अदलाबदल अशा शेकडो प्रसंगांनंतर हळूहळू सुटत जाते.

यावरून हे ध्यानात येईल की, वाचोपचाराचा मोठा भाग तज्ज्ञाच्या खोलीत घडतच नाही. तज्ज्ञ आठवड्यातून एक-दोन तास भेटणार. मूल जागेपणीचे उरलेले सारे तास घरच्यांबरोबर असते. आई-वडिलांना शिकविले तर काय होते, याची एक महत्त्वाची कसोटी गोव्यात झाली. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी ब्रिटिश सहकाऱ्यांच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2016 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. दोन ते नऊ वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना सहा महिन्यांत बारा बैठकी देण्यात आल्या. त्या देणारे तज्ज्ञ नव्हते. थोड्या काळात शिकवून तयार केलेले सामान्य आरोग्यकर्मी होते. त्यांनी आई-वडील आणि मूल खेळत असताना चित्रफीत घेतली आणि ती पालकांनाच दाखविली. ‘येथे तुम्ही थांबलात, आणि पाहा, त्याने तुमच्याकडे वळून पाहिले’, अशा रीतीने चांगला क्षण पालकांच्या दृष्टीस आणून दिला.

परिणाम असा दिसला की, पालक मुलाच्या कलाने अधिक बोलू लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सामायिक लक्षाच्या काळाचे मोजमाप मात्र घटलेले आढळले, आणि सहा महिन्यांत मुले घडाघडा बोलू लागली असा दावा कोणी केला नाही. तरीही या प्रयोगाचे मोल मोठे आहे. आपल्या देशात वाचोपचारतज्ज्ञ थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला तज्ज्ञ भेटेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही, ही गोष्ट गोव्यातील घरांनी दाखवून दिली.

आता काशीतील मराठी घराला, आणि तसेच इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा तंजावर येथील मराठी घराला भेडसावणारा प्रश्न. घरी मराठी, गल्लीत हिंदी किंवा भोजपुरी, शाळेत इंग्रजी. दोन अंगुळे लांबीच्या खेळण्याला घरी ‘होडी’ म्हणतात, घाटावर ‘नाव’ म्हणतात, शाळेत ‘बोट’ म्हणतात. आधीच बोलण्यात मागे असलेल्या मुलावर हा तिहेरी भार कशाला, असे वाटून पालकांना घरची भाषा सोडण्याचा सल्ला हमखास मिळतो. आजी अडखळत हिंदी बोलू लागते, आणि मग बोलायचेच कमी करते. या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांशी तुलना करणारे अनेक अभ्यास झाले. दुसऱ्या भाषेमुळे मुले अधिक मागे पडतात असे त्यांत आढळले नाही. उलट, माया, गंमत, रागे भरणे आणि समजूत घालणे ज्या भाषेत सहज होते, त्याच भाषेत आई मुलाशी विपुल बोलू शकते. परक्या भाषेतील चार शुद्ध वाक्यांपेक्षा आपल्या भाषेतील चाळीस जिवंत वाक्ये मुलाला अधिक देतात. काशीतल्याच एका मराठी घरात 1883 साली जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर पुढे ‘आज’ दैनिकाचे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेला त्यांनी वळण लावले. घरची मराठी त्यांच्या हिंदीच्या आड आली नाही. प्रत्येक मूल पराडकर होत नाही हे खरे. पण घरची भाषा काढून घेतल्याने कोणाला दुसरी भाषा लवकर येत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी भीती चित्रांविषयी आहे. मुलाच्या हाती पेल्याचे, पोळीचे, घंटेचे चित्र देऊन ‘हवे ते दाखव’ असे शिकविले, तर तो कधी बोलणारच नाही, असे पालकांना वाटते. अनुभव याच्या विरुद्ध आहे. चित्रे, खुणा किंवा बोलणारी यंत्रे वापरल्याने वाचा अडत नाही; काही मुलांत ती वाढीस लागते. ज्याला मागता येते त्याला आक्रस्ताळेपणा करावा लागत नाही, आणि शांत झालेले मूल अधिक शिकते. मुंबईच्या आय. आय. टी.तील अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे संवादसाधन भ्रमणध्वनीवर चालते, त्यात मराठीही आहे, आणि त्यासाठी मूल्य द्यावे लागत नाही. प्राचीनांनी वाणीच्या परा, पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी अशा चार अवस्था मानल्या, आणि कानांना ऐकू येणारी वैखरी ही त्यांतील शेवटची. स्वमग्न मुलांतील काहींना वैखरी कधीच पुरती लाभत नाही. पण आतले बोलणे बाहेर येण्यास तीच एक वाट आहे असे कोणी मानू नये.

जेथे आशा आणि भीती एकत्र येतात तेथे बाजारही भरतो. मूळ पेशींच्या टोचण्यांनी मूल बोलू लागेल, अशी आश्वासने देऊन लाखो रुपये घेतले गेले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली, स्वमग्नतेवर असा उपचार करण्याची शिफारस नाही, असे स्पष्ट सांगितले. जिभेखालचा पडदा कापल्याने स्वमग्न मूल बोलू लागत नाही. वेखंडाच्या चाटणाने शब्द येत नाहीत. नवस करणाऱ्याने श्रद्धेने करावा. मात्र नवस फेडण्याच्या दिवसापर्यंत श्रवणचाचणी थांबवू नये. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा’ असे जो म्हणेल त्याच्या दारातून परतावे, आणि जो मुलाला पाहण्यापूर्वी आई-वडिलांचे ऐकून घेतो व त्यांनाच काम शिकवितो, त्याच्याकडे पुन्हा जावे.

दाद मागण्यास दारे आहेत. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, आणि विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची योजना आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था 1965 पासून आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून या क्षेत्रात तज्ज्ञ घडवीत आहेत. तज्ज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे की नाही, हे विचारण्याचा प्रत्येक पालकाला अधिकार आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने तिला स्वतंत्र मान्यता दिली.

एक शेवटची गोष्ट, ज्यांचे मूल पाच-सहा वर्षांचे झाले आहे त्यांच्यासाठी. लवकर सुरू करावे, याचा अर्थ उशीर झाला तर दार बंद झाले, असा नाही. चार वर्षांच्या वयात भाषेत फार मागे असलेल्या 535 स्वमग्न मुलांची माहिती अमेरिकेतील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केली. ही मुले आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाली तेव्हा शेकडा 70 जणांना वाक्यांश जोडता येऊ लागले होते आणि शेकडा 47 जण सहज बोलू लागले होते. गेलेल्या वर्षांचा शोक करण्यापेक्षा आजच्या संध्याकाळपासून थांबण्याचा नियम पाळणे अधिक हिताचे.

पावसाळा सरतो, गंगा उतरू लागते, आणि भोसले घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या गाळाने माखलेल्या अशा पुन्हा दिसू लागतात. त्या धुऊन स्वच्छ करण्याचे काम दिवसेंदिवस चालते. एका दिवसात सारा घाट मोकळा होत नाही. एक पायरी धुतली की खालची दिसते. कल्पिलेल्या त्या घरातील आई मुलाचा हात धरून तेथे उतरत असेल. “एक... दोन...” म्हणून ती थांबेल. मूल तिच्याकडे पाहील किंवा पाहणारही नाही. तिने मात्र थांबावयास हवे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावयास हवे. कारण तिसरा शब्द मुलाच्या ओठांवर येण्यापूर्वी, कोणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे हे त्याला कळावे लागते, आणि हे त्याला जितक्या लहानपणी कळेल तितके बरे.